फायरवॉल चालू केली की ईमेल थांबते : ती कायमची बंद करण्याआधी काय तपासावे

नागपुरात धरमपेठेत कर सल्लागाराचे कार्यालय चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यालयात पाच संगणक आहेत, सर्वांवर आउटलुक २०१९ आहे आणि ईमेल स्वतःच्या डोमेनच्या नावाने एका होस्टिंग सेवेकडे ठेवलेली आहे. हिशेबनिसांच्या संगणकावर नवा अँटिव्हायरस बसवल्यापासून तेथे मेल येत नाही आणि जातही नाही. ‘सेंड-रिसीव्ह’ बराच वेळ चालू राहते आणि शेवटी १००६० हा क्रमांक असलेली त्रुटी दिसते. त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये वेबमेल मात्र व्यवस्थित उघडते. अँटिव्हायरसच्या खिडकीत जाऊन फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा तपासून अडवणारा पहारेकरी, बंद केली की मेल लगेच सुरू होते. जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आली आहे, तेव्हा हे काम आटोपेपर्यंत फायरवॉल बंदच ठेवली तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, माझे स्पष्ट उत्तर असे की, पाच-दहा मिनिटांच्या तपासणीपुरती ती बंद करायला हरकत नाही, पण त्यापलीकडे नको. हिशेबनिसांच्या संगणकावर आपल्या अशिलांचे पॅन, बँक खात्यांचे तपशील आणि ताळेबंद असतात, बहुधा डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही त्यालाच लावले जाते. शिवाय अशा कार्यालयांत फाइलींचे फोल्डर एकमेकांशी शेअर केलेले असतात. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टचाच मार्ग धरला होता (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून संगणकात येण्या-जाण्याचे क्रमांक दिलेले दार). एका संगणकात शिरल्यावर तो त्याच नेटवर्कवरील इतर संगणकांत आपोआप जात असे, त्यासाठी कोणी काही उघडण्याची गरज नव्हती. फायरवॉल बंद ठेवणे म्हणजे आउटलुकला हव्या असलेल्या दोन पोर्टांसाठी बाकीचे सारे पोर्ट उघडे टाकणे होय. आपल्याला जे हवे आहे ते याहून फार लहान आहे : एका प्रोग्रॅमला, एका सर्व्हरकडे, दोन पोर्टांवर बाहेर जाण्याची परवानगी.

आता आपल्याच प्रश्नात दडलेला एक महत्त्वाचा धागा सांगतो. आपण बंद केलेली फायरवॉल विंडोजची नव्हती, अँटिव्हायरसची होती. हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि मग चुकीच्या ठिकाणी तासन्‌तास शोध चालतो. विंडोजची स्वतःची फायरवॉल ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून आपोआप चालू राहू लागली, पण त्या वेळी ती फक्त बाहेरून आत येणारी कनेक्शने अडवत असे. आतून बाहेर जाणाऱ्यांवर नियम लावण्याची सोय व्हिस्टापासून आली. ती आल्यानंतरही विंडोजचा मूळ शिरस्ता तसाच राहिला : आत येणारे विनापरवाना थांबवायचे आणि बाहेर जाणारे, वेगळा नियम नसेल तर, जाऊ द्यायचे. ईमेलचा प्रोग्रॅम नेहमी स्वतःहून सर्व्हरकडे जातो. सर्व्हर कधी आपल्या संगणकाचे दार वाजवत नाही. म्हणून कोणी हात न लावलेली विंडोज फायरवॉल आउटलुकला किंवा थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रॅमला अडवत नाही. अडवणूक झाली असेल तर एक तर कोणीतरी मुद्दाम नियम घातलेला असतो, किंवा दुसरा पहारेकरी बसलेला असतो. अनेक अँटिव्हायरस संच स्वतःची फायरवॉल घेऊन येतात आणि ती विंडोजच्या जागी काम करू लागते. विंडोज सिक्युरिटीच्या पानावर फायरवॉलचा कारभार कोणाकडे आहे ते लिहिलेले असते. पहिल्यांदा ते वाचावे.

वेबमेल उघडते आणि आउटलुक उघडत नाही, याचे कोडे पोर्टच्या क्रमांकांत आहे. ब्राउझर ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून जातो आणि तो पोर्ट कोणी अडवत नाही, कारण तो अडवला तर इंटरनेटच बंद पडल्यासारखे होईल. आयमॅप पद्धतीने (मेल सर्व्हरवरच ठेवून) मेल घेणारा प्रोग्रॅम ९९३ वर जातो आणि पॉप पद्धतीचा (मेल संगणकावर उतरवून घेणारा) ९९५ वर; कूटबद्ध (मधल्या कोणाला वाचता न येणारे) नसलेले जुने पोर्ट अनुक्रमे १४३ आणि ११० आहेत. पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ लागतो. पाठवण्याचा सर्वांत जुना पोर्ट २५ आहे, परंतु तो आता एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल देण्यासाठीच वापरावा. व्हायरस लागलेले संगणक या पोर्टवरून थेट कचरा मेल सोडत असल्यामुळे अनेक इंटरनेट सेवा तो ग्राहकांसाठी बंद ठेवतात. आपल्या जुन्या सेटिंगमध्ये पाठवण्यासाठी २५ लिहिलेला असेल तर फायरवॉलशी झटापट करण्याआधी तो बदला. ५८७ ची शिफारस डिसेंबर १९९८ पासून आहे. ४६५ ला मधल्या काळात मान्यता नव्हती, पण जानेवारी २०१८ च्या मानकाने त्याला पुन्हा अधिकृत स्थान दिले, इतकेच नव्हे तर सुरुवातीपासून कूटबद्ध असल्यामुळे त्यालाच पसंती दिली. मीही नव्या खात्यांवर, सर्व्हरची तयारी असेल तर, ४६५ च लावतो. त्याचे कारण पुढे येईल.

हात लावण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी करावी, असा माझा नियम आहे, कारण फायरवॉल एकाच जागी नसते. आपल्या संगणकात एक असते, राउटरमध्ये दुसरी असते, आणि होस्टिंगच्या सर्व्हरवर तिसरी असते. कोणती आडवी येते आहे हे कळल्याशिवाय सेटिंग बदलू नये. म्हणून तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा आणि आउटलुक चालवून पाहावे. हॉटस्पॉटवरही मेल थांबली तर दोष त्या संगणकात आहे, असे जवळजवळ निश्चित मानावे. हॉटस्पॉटवर मेल चालली आणि कार्यालयाच्या वायफायवर थांबली, तर कार्यालयातील दुसरा संगणक पाहावा; तोही थांबलेला असेल तर राउटर, इंटरनेट सेवा किंवा सर्व्हर यांच्याकडे बघायचे. आपल्या बाबतीत इतर चार संगणक त्याच वायफायवर व्यवस्थित चालतात, म्हणून दोष हिशेबनिसांच्या यंत्रातच आहे आणि नव्या अँटिव्हायरसकडे बोट दाखवायला पुरेसा आधार आहे.

त्रुटीचा क्रमांक बहुतेक लोक वाचत नाहीत, त्याचा फोटोही काढत नाहीत, आणि मला वाटते हीच सर्वांत मोठी हानी असते, कारण निम्मे निदान त्यातच लिहिलेले असते. १००६० याचा अर्थ असा की, संगणकाने सर्व्हरला हाक मारली आणि ठरलेल्या वेळात काहीही उत्तर आले नाही. विंडोज अशा वेळी पुन्हापुन्हा हाक मारून साधारण वीस सेकंदांनी हात टेकते. फायरवॉल जेव्हा पाकीट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, गुपचूप टाकून देते तेव्हा नेमके असेच दिसते. १००६१ मध्ये उत्तर लगेच येते आणि ते नकाराचे असते. म्हणजे तिथपर्यंत वाट मोकळी आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, किंवा एखादी फायरवॉल उघडपणे नाही म्हणते आहे. पोर्टचा आकडा चुकीचा लिहिला असेल तर बहुधा हाच क्रमांक मिळतो. १००१३ आला तर आपल्याच संगणकाने परवानगी नाकारलेली असते आणि तेथे स्थानिक फायरवॉलचा संशय सर्वांत बळकट असतो. ११००१ मध्ये सर्व्हरचे नावच सापडलेले नसते. तो नावाचा किंवा डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, प्रश्न आहे. पासवर्ड पुन्हापुन्हा विचारला जात असेल, तर एक गोष्ट पक्की समजावी की कनेक्शन सर्व्हरपर्यंत पोहोचले आहे. अशा वेळी त्या पोर्टसाठी फायरवॉलचे नियम उकरत बसू नये.

याची खातरजमा आउटलुकशिवाय करता येते. विंडोज पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा द्यावी, पुढे आपल्या मेल सर्व्हरचे नाव, आणि ‘पोर्ट’ या पर्यायापुढे ९९३ लिहावे. टाइप करताना हे सारे अर्थात रोमन अक्षरांत आणि मधली आडवी रेघ धरून लिहायचे असते. उत्तराच्या शेवटी ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’ या ओळीपुढे ‘ट्रू’ आले तर वाट मोकळी, ‘फॉल्स’ आले तर बंद. तेच पुन्हा ४६५ आणि ५८७ साठी करावे. येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी : ही चाचणी पॉवरशेल नावाचा प्रोग्रॅम करतो, आउटलुक नव्हे. फायरवॉलने फक्त आउटलुकला अडवले असेल तर पॉवरशेलला ‘ट्रू’ मिळेल आणि आउटलुक तरीही थांबलेलेच राहील. असे झाले की मला आनंद होतो, कारण शोध एका प्रोग्रॅमच्या एका नियमापाशी येऊन ठेपतो.

आपल्या संगणकावर मी पहिल्यांदा हेच करीन. अँटिव्हायरसच्या खिडकीत फायरवॉलचा भाग उघडून प्रोग्रॅमनिहाय परवानग्यांची यादी काढावी; वेगवेगळ्या संचांत तिचे नाव ‘ॲप्लिकेशन रूल्स’ किंवा ‘प्रोग्रॅम कंट्रोल’ असे काहीसे असते. तेथे आउटलुकची नोंद ‘ब्लॉक’ अशी दिसण्याची शक्यता मोठी आहे. नवा संच बसवल्यावर पहिल्यांदा आउटलुक उघडताना ‘हा प्रोग्रॅम इंटरनेटवर जाऊ पाहतो आहे, जाऊ द्यावे का?’ असा प्रश्न येतो, कामाच्या घाईत कोणीतरी ‘नाही’ दाबतो आणि ते उत्तर कायमचे लक्षात ठेवले जाते. ती नोंद बदलत बसण्यापेक्षा काढून टाकावी, आउटलुक पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे, आणि प्रश्न आला की परवानगी द्यावी. प्रश्न आला नाही तर नवी नोंद हाताने करावी : आउटलुकची मूळ फाइल निवडायची, दिशा बाहेर जाणारी, प्रोटोकॉल टीसीपी, दूरचे पोर्ट ९९३ आणि ४६५ किंवा ५८७, आणि त्यासोबत ४४३, कारण परवाना तपासण्यासाठी आउटलुकला तोही लागतो. ‘सर्व पोर्ट, दोन्ही दिशा’ असा सरसकट नियम सोपा वाटतो, पण आत येणाऱ्या दिशेची मेल प्रोग्रॅमला गरजच नसते, म्हणून ती देऊ नये.

पोर्टची जागा भरताना ‘स्थानिक’ आणि ‘दूरचा’ यांत गल्लत होते, आणि ती मी अनुभवी माणसांकडूनही झालेली पाहिली आहे. ९९३ हा सर्व्हरकडचा, म्हणजे दूरचा पोर्ट आहे. आपल्या संगणकाकडचा पोर्ट दर वेळी वेगळा आणि मोठ्या आकड्याचा असतो. ९९३ हा आकडा ‘लोकल पोर्ट’च्या रकान्यात लिहिला तर नियम दिसायला अचूक असतो आणि कधीच लागू होत नाही.

विंडोजच्या फायरवॉलवरच संशय असेल तर तिची प्रगत खिडकी उघडून ‘आउटबाउंड रूल्स’ पाहावेत. तेथे लाल चिन्हाचे, म्हणजे अडवणारे नियम शोधायचे. विंडोजमध्ये अडवणारा नियम आणि परवानगीचा नियम यांची टक्कर झाली की अडवणारा जिंकतो, आणि ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे लोक परवानगीचे दहा नियम घालतात, मेल हलत नाही, आणि शेवटी फायरवॉलच निकामी आहे असे ठरवून ती बंद करतात. खरे तर त्या दहांची गरज नसते, एक लाल नियम काढायचा असतो. नियम प्रोग्रॅमच्या फाइलच्या पत्त्याला बांधलेला असतो, हेही पाहावे; ऑफिसची आवृत्ती बदलल्यावर फोल्डर बदलला तर जुन्या पत्त्यावरची परवानगी निरुपयोगी होते. काही कार्यालयांत कोणीतरी कडक बंदोबस्त म्हणून बाहेर जाणारी सर्व कनेक्शने अडवून फक्त निवडक प्रोग्रॅमना सूट दिलेली असते, तेथे हा त्रास प्रत्येक मोठ्या बदलानंतर होतो. वायफाय ‘पब्लिक’ ठरवले आहे की ‘प्रायव्हेट’ हेही बघावे, कारण नियम केवळ एका प्रकाराला लावलेला असेल तर राउटर बदलल्यावर तो लागू राहत नाही.

शंका उरली तर नोंदवही विचारावी. विंडोज फायरवॉल टाकून दिलेल्या पाकिटांची नोंद ठेवू शकते, पण ही सोय मुळात बंद असते. फायरवॉलच्या गुणधर्मांत, त्या त्या नेटवर्क प्रकाराखाली ती चालू करावी लागते. नोंदीची फाइल सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टिम३२ मधील लॉगफाइल्स या फोल्डरात फायरवॉल या नावाखाली सापडते. आउटलुकने प्रयत्न केला त्याच क्षणी ‘ड्रॉप’, ‘टीसीपी’ आणि ९९३ असलेली ओळ उमटली तर चोर सापडला. ती उमटली नाही आणि मेल तरीही थांबली, तर विंडोजची फायरवॉल निर्दोष आहे, एवढे कळणेही मोलाचे असते. अधिक खोलात जायचे असेल तर ऑडिट धोरणात ‘फिल्टरिंग प्लॅटफॉर्म कनेक्शन’च्या अपयशाच्या नोंदी चालू कराव्यात; मग इव्हेंट व्ह्यूअरच्या सुरक्षा विभागात ५१५७ क्रमांकाची नोंद कोणत्या प्रोग्रॅमला, कोणत्या पत्त्याकडे आणि कोणत्या पोर्टवर जाताना थांबवले ते नावानिशी सांगते. या नोंदींचा ढीग फार लवकर वाढतो, म्हणून काम झाल्यावर त्या बंद कराव्यात. नियमांचा इतका गुंता झाला असेल की काही समजत नाही, तर आधी ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’ने जुने नियम फाइलमध्ये जपून ठेवावेत आणि मग मूळ स्थिती पुन्हा आणावी. टॅलीसारखा एखादा प्रोग्रॅम अनेक संगणकांवर चालत असेल तर त्याचे आत येणारे नियमही या फेरबदलात पुसले जातात, त्यामुळे भर कामाच्या वेळी हे करू नये.

आता अँटिव्हायरसच्या दुसऱ्या अंगाकडे वळतो, कारण माझ्या अनुभवात फायरवॉलच्या नावावर खपणारा बराचसा त्रास त्याच्या ‘मेल शील्ड’चा असतो. हा भाग मेल प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसतो आणि येणारी-जाणारी प्रत्येक मेल उघडून तपासतो. कूटबद्ध मेल उघडण्यासाठी त्याला सर्व्हरच्या प्रमाणपत्राच्या, म्हणजे त्याच्या डिजिटल ओळखपत्राच्या, जागी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करावे लागते. आउटलुक विंडोजच्या प्रमाणपत्रांवर विसंबते, म्हणून ते बहुधा गप्प राहते; थंडरबर्ड आपली वेगळी यादी बाळगते, म्हणून तेथे ‘या सर्व्हरवर विश्वास ठेवता येत नाही’ असा इशारा येतो. अशा वेळी डोळे मिटून अपवाद मंजूर करू नये. प्रमाणपत्र कोणी दिले ते उघडून वाचावे. तेथे अँटिव्हायरसचे नाव दिसले तर कारण कळले, आणि अनोळखी नाव दिसले तर मेल तेथेच थांबवून पासवर्ड टाकू नये.

या भागाचा सर्वांत मनस्ताप देणारा प्रकार मी अमरावती मार्गावर वाडीच्या एका वाहतूक कार्यालयात पाहिला. त्यांनी एका पार्टीला बिलांची फाइल एकदा पाठवली आणि समोरच्याला ती सात वेळा मिळाली. पार्टी रागावली, लिपिकावर ठपका आला, आणि त्या बिचाऱ्याने एकदाच बटण दाबले होते. घडत असे ते असे : मोठी जोडफाइल मेल शील्ड आधी स्वतःकडे घेई, तपासण्यात वेळ जाई, आणि सर्व्हरने शेवटी ‘मिळाली’ अशी २५० क्रमांकाची पोच देईपर्यंत मेल प्रोग्रॅमचा संयम संपलेला असे. मेल प्रत्यक्षात पोहोचलेली, पण आउटबॉक्सच्या हिशेबी ती अजून जायचीच, म्हणून दर दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न. आम्ही फायरवॉल आणि फाइलींची सततची तपासणी जशीच्या तशी ठेवली आणि फक्त जाणाऱ्या मेलची तपासणी बंद केली. त्या दिवसापासून हा प्रकार थांबला. यात सुरक्षिततेचे नुकसान होते का, असे मला नेहमी विचारतात. जोडफाइल उघडताना किंवा साठवताना फाइलींची तपासणी तिला पाहतेच, म्हणून मी हा बदल निर्धास्तपणे सुचवतो. फाइलींची तपासणी बंद करण्याचा सल्ला मात्र मी कधीही दिलेला नाही.

जुना अँटिव्हायरस काढून नवा बसवला असेल तर त्याचे अवशेषही तपासावेत. काही जुने संच मेल खात्यातील सर्व्हरचे नाव बदलून त्या जागी स्वतःच्याच संगणकाचा १२७.०.०.१ हा पत्ता लिहीत असत. संच गेला, पत्ता राहिला, आणि मेल एका रिकाम्या खोलीच्या दारावर थापा मारत राहिली. दोन संच एकाच वेळी नांदत असतील तर एक पूर्णपणे काढावा, आणि त्यासाठी त्या त्या उत्पादकाने दिलेले खास काढण्याचे साधन वापरावे; कंट्रोल पॅनेलमधून काढल्यावर नेटवर्कचे गाळणे पुष्कळदा मागे उरते.

आपला दोष संगणकात आहे असे मी म्हटले, पण हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे सगळ्याच संगणकांवर मेल थांबते, त्यांच्यासाठी सर्व्हरच्या बाजूची फायरवॉल समजून घेणे गरजेचे आहे. होस्टिंगच्या सर्व्हरवर एक पहारा असतो : एकाच इंटरनेट (आयपी) पत्त्यावरून चुकीचा पासवर्ड वारंवार आला की तो त्या पत्त्याला काही काळ पूर्ण बंद करतो. बाहेरून पाहता कार्यालयातील सर्व संगणकांचा पत्ता एकच असतो, म्हणून एकाच्या चुकीची शिक्षा सर्वांना होते. रामदासपेठेतील एका दवाखान्यात हेच आठवडाभर चालू होते. राउटर बंद करून चालू केला की मेल दीड-दोन तास धावे आणि पुन्हा थांबे, त्यामुळे सर्वांचा संशय राउटरवर होता. खरे पाहता राउटर नव्याने चालू झाल्यावर त्याला नवा पत्ता मिळत असे आणि सर्व्हरची बंदी जुन्या पत्त्यावर राहत असे. शोध घेतला तेव्हा स्वागतकक्षाच्या खणात चार्जिंगला लावलेला एक जुना टॅब सापडला, जो बदललेला पासवर्ड ठाऊक नसल्यामुळे जुना पासवर्ड दर काही मिनिटांनी पाठवत होता. होस्टिंगकडून बंदी उठवून घेणे सोपे असते, पण तो टॅब सापडेपर्यंत ती पुन्हापुन्हा लागतच राहते.

कार्यालयाच्या दारावरची मोठी फायरवॉलही कधीकधी मेलमध्ये हात घालते. ५८७ वर कनेक्शन आधी साधे असते आणि मग ‘स्टार्टटीएलएस’ या शब्दाने कूटबद्ध होते. काही जुन्या उपकरणांतील मेल तपासणीची सोय सर्व्हरने जाहीर केलेला हा शब्द एक्स अक्षरांनी झाकून टाकते, मग मेल प्रोग्रॅमला वाटते की सर्व्हरला कूटबद्ध बोलताच येत नाही. ४६५ वर बोलणे पहिल्या क्षणापासून कूटबद्ध असल्यामुळे झाकायला शब्दच उरत नाही. माझ्या पसंतीचे कारण हेच. महाविद्यालय, हॉटेल किंवा रुग्णालयाच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर ४४३ आणि ८० सोडून सारे बंद असू शकते. तेथे आपल्या संगणकात काहीही बदलू नये, वेबमेल किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा.

लहान मेल जातात आणि जोडफाइल असलेल्या अडकतात, अशीही तक्रार येते. यात आधी आकार मोजावा : पाठवताना फाइलीचे रूपांतर होऊन तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून १९ एमबीची फाइल २५ एमबीच्या मर्यादेला टेकते. आकार लहान असूनही अडकत असेल तर पाकिटांच्या लांबीकडे पाहावे. लॉगिन नाव टाकून चालणाऱ्या पीपीपीओई ब्रॉडबँडवर एका पाकिटाची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. मोठे पाकीट आले की वाटेतील उपकरण ‘लहान करून पाठवा’ असा आयसीएमपी निरोप (उपकरणांनी एकमेकांना द्यायची सूचना) परत पाठवते, आणि सुरक्षेच्या नावाखाली सारे आयसीएमपी निरोप अडवणारी फायरवॉल तो निरोपही गिळते. लहान पाकिटे जातात, मोठी हरवतात आणि कोणालाच काही कळत नाही. पिंगच्या आज्ञेत तुकडे न करण्याचा ‘एफ’ आणि आकाराचा ‘एल’ हे पर्याय देऊन १४७२ आणि १४६४ असे दोन आकडे तपासावेत. दुसरा जातो आणि पहिला जात नाही तर राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल लांबी, १४९२ लिहावा.

काही गोष्टी फायरवॉलच्या नसूनही तिच्या माथी मारल्या जातात. जीमेलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर जुन्या प्रोग्रॅमना साध्या पासवर्डने आत येणे बंद केले, आणि मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक आउटलुक डॉट कॉम खात्यांवर १६ सप्टेंबर २०२४ पासून तसेच झाले. तेथे नवी लॉगिन पद्धत लागते, जीमेलमध्ये ॲप पासवर्डही (त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा बनवलेला) चालतो. संगणकाचे घड्याळ चुकले की प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे वाटते. जुन्या यंत्रांतील छोटी बॅटरी संपलेली असेल तर वीज जाऊन आल्यावर तारीख काही वर्षे मागे गेलेली आढळते, म्हणून उन्हाळ्यात नागपुरात अशी तक्रार आली की मी आधी घड्याळ पाहतो. विंडोजवरचे नवे आउटलुक वापरणाऱ्यांनी हेही जाणावे की, ते इतर कंपन्यांची आयमॅप खाती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमार्फत जोडते. त्यामुळे आपल्या संगणकावर ९९३ उघडला काय किंवा बंद ठेवला काय, त्याला फरक पडत नाही. तेथे होस्टिंगची फायरवॉल मायक्रोसॉफ्टला अडवते का, ते पाहावे लागते. मॅकची अंगभूत फायरवॉल फक्त आत येणारी कनेक्शने पाहते, आणि उबंटू या लिनक्स प्रणालीतील यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू केली तरी मूळ स्थितीत ती बाहेर जाणाऱ्यांना अडवत नाही, म्हणून त्या यंत्रांवर तिच्यावर शेवटी संशय घ्यावा.

तेव्हा ताई, आज संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर क्रम असा ठेवा. फायरवॉल चालू करा, अँटिव्हायरसच्या यादीतील आउटलुकची नोंद काढा आणि नव्याने परवानगी द्या. तेवढ्याने मेल सुरू झाली तर स्वतःलाच एक लहान मेल आणि एक पाच एमबीची जोडफाइल पाठवून दोन्ही एकेकदाच मिळाल्याची खात्री करा. सुरू झाली नाही तर फायरवॉल चालूच ठेवून फक्त मेलची तपासणी बंद करून पाहा. २० तारखेपर्यंत काही अडलेच, तर हिशेबनिसांना ब्राउझरमधील वेबमेल वापरू द्या. कामही अडणार नाही आणि संगणकही उघडा पडणार नाही. तपासणीच्या काळात मंजूर केलेले प्रमाणपत्रांचे अपवाद आणि घातलेले जादा नियम मात्र आठवणीने काढून टाका. एवढे करूनही त्रास राहिला तर मला तीन गोष्टी कळवा : त्रुटीचा पूर्ण क्रमांक, पॉवरशेलने ९९३ आणि ४६५ साठी दिलेले उत्तर, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काय झाले ते. पासवर्ड मात्र कोणालाही, मलासुद्धा, पाठवू नका. या तपासणीत त्याची कोठेही गरज पडत नाही.